संगणकाला वाफसा कळतो का?

बारामतीच्या उसातल्या एआय प्रयोगाची बातमी आल्यापासून ‘आता खत कधी टाकायचं ते संगणकच सांगणार’ असे निरोप फोनवर फिरत आहेत. संगणक ते कशाच्या जोरावर सांगणार, हे मात्र कुणी विचारत नाही. माझा जीव तिथेच अडकतो, कारण शेताचं गणिती प्रारूप, म्हणजे मातीत काय घडतं याचा समीकरणांतून मांडलेला हिशेब, जी गोष्ट मोजायला धडपडतं, तिला आपल्याकडे जुना शब्द आहे. वाफसा.

पावसाने उघडीप दिली की शेतकरी मूठभर मातीचा लाडू वळतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडतो. लाडू फुटला तर वाफसा आला. थपकन चपटा बसला तर अजून थांबायचं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी किती आणि हवा किती, याचीच ही परीक्षा.

आता युरिया घ्या. पाऊस पडला की ओल्या रानात तो फोकून द्यायचा, ही सगळीकडची रीत. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो नत्र असतं. मातीत त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होतं, हे शाळेत शिकलेलं असतं. खरी गोष्ट पुढे आहे. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास चालवतात. त्यातून क्रमाने नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन तयार होतो. रान पाण्याने तुंबलं तर ही साखळी बहुतेक शेवटपर्यंत जाते. पोकळ्या साधारण 60 ते 80 टक्के भरलेल्या असतील, तर ती मध्येच तुटते आणि नायट्रस ऑक्साइड निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता अडवतो.

आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा ठोकताळा असा की टाकलेल्या नत्रातलं सुमारे 1 टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन जातं. एका गोणीमागे साधारण 325 ग्रॅम नायट्रस ऑक्साइड, म्हणजे 89 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार. पण तो रोज सारखा निघत नाही. खत आणि पाऊस यांची गाठ पडली की थोड्याच दिवसांत मोठा वाटा उडून जातो. म्हणून हिशेब दिवसागणिक हवा. चांगशेंग ली यांनी अमेरिकेत 1992 साली मांडलेलं ‘डीएनडीसी’ हे प्रारूप तो करतं.

त्यात पुढे आलेली फुग्याची कल्पना मला विलक्षण आवडते. मातीच्या प्रत्येक थरात एक काल्पनिक फुगा धरायचा; त्याच्या आत ऑक्सिजन नाही, बाहेर आहे. पाऊस पडला की फुगा फुगतो, माती वाळली की आकसतो. थरातलं नायट्रेट आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन फुग्याच्या आकारमानाप्रमाणे आत-बाहेर वाटले जातात. बाहेर अमोनियमचं नायट्रेट होत राहतं, आत नायट्रेट मोडत राहतं. आतल्या जिवाणूंची वाढ नायट्रेट आणि कार्बन या दोन्हींच्या तीव्रतेवर ठरते; एक संपलं की दुसरं कितीही असो, वाढ थांबते. तयार झालेला वायू फुग्यात जितका रेंगाळेल, तितका त्याचा नायट्रोजन होण्याचा संभव जास्त, आणि चिकणमाती वायूला लवकर सोडत नाही. म्हणून एकच पाऊस, एकच युरिया, पण दोन शेजारच्या रानांचा हिशेब वेगळा.

एकदा हे गणित बसलं की मागच्या 30 वर्षांचं हवामान देऊन तेच पीक संगणकात 30 वेळा घेता येतं. युरिया एका हप्त्यात द्यायचा की तीन, वर फोकायचा की मातीआड करायचा, हे ताडून पाहता येतं. विहिरीकडे किती नायट्रेट झिरपेल तेही कळतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे.

पंचांगात पावसाचा अंदाज सांगणारं नक्षत्राचं वाहन यातलं काहीच पाहत नाही. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं, की बेडूक नाहीतर कोल्हा हजर. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माणला जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. दोघांना वाहन एकच. आणि मातीचा नमुना न घेता नुसत्या उपग्रहाच्या चित्रावर ‘तुमच्या शेताचं डिजिटल जुळं’ विकणाऱ्यांवरही मी विश्वास ठेवत नाही. उपग्रहाला पानाचा रंग दिसतो. वीतभर खाली पोकळ्यांत किती पाणी आहे ते दिसत नाही.

आपल्या काळ्या रानात तर प्रारूपही अडखळतं. पाणी एक थर भिजवून मग खालच्या थरात उतरतं, असं त्याचं गणित. मृगाच्या तोंडावर मात्र आपल्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. पहिला वळीव त्यातून थेट खाली जातो आणि वरचा थर अर्धा कोरडाच राहतो. मग फुगा भलत्याच खोलीवर फुगलेला असतो. हिशेब किती चुकला हे पाहायचं तर भेगाळलेल्या रानावर पेटी उपडी घालून, सिरिंजने हवा ओढून, तिच्यातला नायट्रस ऑक्साइड पावसानंतर रोज मोजावा लागतो, आणि तेही भेगा मिटायच्या आत.