केऑटिक इव्हिल लिहिलं म्हणून मित्रालाच लुटायचं?

सांगलीत विश्रामबागला आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकानं एक कॅरेक्टर घेऊन गोष्ट रंगवत खेळायचा खेळ) ग्रुप जमतो, तिथं येणारा नवा गडी हमखास हेच ऐकून आलेला असतो की कॅरेक्टरच्या शीटवर केऑटिक इव्हिल (बेबंद, दुष्ट स्वभाव) लिहिलं की पार्टीतल्यांना, म्हणजे आपल्याच सोबत्यांना, लुटायलाच लागतंय, नियमच आहे म्हणे. नाही ओ! जुन्या आवृत्त्यांत पॅलाडिन (धर्मयोद्धा) वाईट वागला तर त्याच्या शक्ती जायच्या हे खरं, पण 2014 च्या पाचव्या आवृत्तीत अलाइनमेंट (शीटवरचा हा केऑटिक इव्हिलसारखा शेरा) म्हणजे जवळपास नुसतं स्वभावाचं वर्णन. क्लेरिक (पुजारी कॅरेक्टर) बेशुद्ध पडलाय आणि रोग (rogue, चोर कॅरेक्टर) त्याचं हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) ढापून म्हणतोय "माझं कॅरेक्टर असंच आहे", अरे पण कॅरेक्टर बनवलं कुणी, तूच ना? डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) तिथंच गेम थांबवून प्लेअरशी बोलावं. त्याऐवजी कॅरेक्टरच्या अंगावर ड्रॅगन सोडून शिक्षा दिली तर भांडण मिटत नाही, चहाच्या गाड्यापर्यंत जातं.