कर्मचारी भरती आणि टिकवणूक

संस्थेला हवी ती माणसे शोधून निवडणे म्हणजे भरती आणि निवडलेली माणसे सोडून जाऊ नयेत अशी कामाची परिस्थिती राखणे म्हणजे टिकवणूक. एचआर विभागात ही कामे बहुधा दोन वेगळ्या टेबलांवर चालतात. प्रत्यक्षात माणूस का गेला याचे उत्तर पुष्कळदा तो कसा आला यातच सापडते.

वर्षभरात सोडून गेलेल्यांची संख्या सरासरी कर्मचारीसंख्येशी ताडून गळतीची टक्केवारी काढतात. अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीत १९१३ साली ती सुमारे ३७० टक्के होती, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसे बदलत होती. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने कामाचा दिवस आठ तासांचा केला आणि पात्र कामगारांना दिवसाला पाच डॉलर देऊ केले. गळती झपाट्याने उतरली. मात्र त्या पैशांसाठी कामगारांच्या घरगुती राहणीची तपासणीही होत असे, हे सहसा सांगितले जात नाही.

निवडीत मुलाखतीवर सर्वाधिक भिस्त असते, आणि गप्पांसारखी चाललेली मुलाखत हा तिचा सर्वांत कच्चा प्रकार. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटले की बोलका उमेदवार बाजी मारतो. त्याऐवजी ‘चिडलेल्या ग्राहकाला मागे कसे हाताळले?’ असे कामाशी जोडलेले प्रश्न सर्वांना त्याच क्रमाने विचारावेत आणि आपसात चर्चा करण्याआधी प्रत्येक मुलाखतकाराने गुण लिहून टाकावेत. अशा आखीव मुलाखतीचा अंदाज अधिक खरा ठरतो. पूर्वग्रह तर मुलाखतीच्याही आधी शिरतो. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात एकाच तोडीच्या बायोडाटांवर नावे तेवढी बदलली होती. गोऱ्यांची वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीयांची वाटणाऱ्या नावांपेक्षा मुलाखतीची सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली.

भरतीच्या वेळी कामाचे गोडगुलाबी चित्र रंगवण्याचा मोह मोठा असतो, आणि तो महागात पडतो. संशोधक जॉन वॅनस यांनी १९७३ साली टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीवर अभ्यास केला. कामातला कंटाळा आणि कडक देखरेखही दाखवणारी फिल्म ज्यांनी पाहिली, त्यांच्या अपेक्षा वास्तवाच्या जवळ राहिल्या आणि नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले. रात्रपाळी असेल तर ती ऑफर लेटर देण्याआधीच सांगावी.

रुजू होण्याचा पहिला आठवडाही असाच निर्णायक. लॉगिन तयार नाही, बसायला जागा ठरलेली नाही, शिकवणारा रजेवर. अशा स्थितीत नवा माणूस आपण नकोसे आहोत असेच समजतो.

पगार महत्त्वाचा आहेच. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडल्याप्रमाणे तो अपुरा असला तर असमाधान वाढते, पण कामात रस वाटतो तो जबाबदारी, कौतुक आणि प्रगती यांमुळे. या मांडणीवर टीका झाली आहे. जुन्या अनुभवी माणसाला नवख्याचा पगार आपल्याहून जास्त असल्याचे कळते, तेव्हा त्याला पैशाइतकाच अपमानही बोचतो.

जाणाऱ्याची शेवटची मुलाखत (एक्झिट इंटरव्ह्यू) घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण तिच्यातून फारसे हाती लागत नाही. पुढच्या नोकरीच्या वेळी चौकशीसाठी याच साहेबांना फोन जाणार असतो, म्हणून जाणारा ‘वैयक्तिक कारण’ लिहून मोकळा होतो. काम करत असलेल्यांशीच बोलणे अधिक उपयोगी: इथे का थांबलात, कशामुळे जावेसे वाटले होते, माझ्याकडून काय बदलायला हवे? हे प्रश्न थेट वरिष्ठाने विचारावेत, आणि उत्तरातली एखादी तरी गोष्ट, निदान शिफ्टची अदलाबदल, लगेच करून दाखवावी. नाहीतर पुढच्या खेपेला ‘सगळे ठीक आहे’ एवढेच ऐकायला मिळते.