१४७ कंपन्यांच्या गाभ्यात कट शोधू नका
२०११ साली झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या स्टेफानिया व्हिटाली, जेम्स ग्लॅटफेल्डर आणि स्टेफानो बॅटिस्टन यांनी ४३,०६० बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मालकीचं जाळं तपासलं. कुठल्या कंपनीचे शेअर कोणाकडे, आणि त्या मालकाचा मालक कोण, असा माग काढत ते गेले. शेवटी एकमेकांच्या शेअरांनी घट्ट विणलेल्या १४७ कंपन्यांचा गाभा हाती लागला. या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या एकूण मूल्यावरचं जवळपास ४० टक्के नियंत्रण त्यांच्याकडे होतं. त्यातल्या तीन चतुर्थांश वित्तसंस्था होत्या.

असं काही वाचलं की कोणी म्हणतं, जग चालवणारी गुप्त टोळी सापडली. कोणी म्हणतं, पुन्हा तीच कटाची भाषा. सत्ता मूठभरांकडे आहे म्हणजे ती त्यांनी कुठेतरी बसून ठरवून घेतली असणार, हे दोघंही गृहीत धरतात. माझ्या मते खरी चूक तिथेच आहे.

जोखीम विभागण्यासाठी मोठा गुंतवणूकदार सगळ्याच मोठ्या कंपन्यांचे शेअर घेतो. दुसराही तेच करतो. दोघांचे स्वतःचे शेअरही बाजारात असतात, त्यामुळे ते एकमेकांचेही भागधारक होतात. वाढत्या जाळ्यात नवे दुवे आधीच भरपूर दुवे असलेल्यांकडे जास्त वळले, तर काही मोजकी केंद्रं अवाढव्य होतात, हे बाराबाशी आणि अल्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये गणितानं दाखवलं होतं. त्यासाठी बैठक लागत नाही. झुरिचची आकडेवारी २००७ ची होती आणि गाभ्यात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँकही होती. सप्टेंबर २००८ मध्ये ती बुडाली, आणि वित्तसंस्थांना एकमेकींशी जोडणाऱ्या धाग्यांवरून संकट पसरलं.

या अभ्यासावर एक आक्षेप रास्त आहे. वित्तसंस्थांकडचे बरेच शेअर इतरांच्या बचतीचे असतात, आणि शेअर हातात असले म्हणजे हुकूम चालतोच असं नाही.

पण आक्षेप घेता येतो, हीच या मांडणीची ताकद आहे. समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या उद्योग, लष्कर आणि राजकारण यांच्या शिखरावरच्या वर्तुळाचं वर्णन केलं, तेव्हाच हा कट नव्हे असं बजावलं होतं. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी अमेरिकेतलंच न्यू हेवन शहर अभ्यासून १९६१ मध्ये उलट निष्कर्ष काढला: वेगवेगळ्या प्रश्नांवर वेगवेगळ्या लोकांचं चालतं. पुढे समाजशास्त्रज्ञ विल्यम डॉमहॉफ यांनी त्याच शहराची कागदपत्रं पुन्हा तपासून डाल यांना आव्हान दिलं. असा वाद पुराव्यावर पुढे सरकतो. विरोधी पुरावाच पेरलेला आहे म्हणणाऱ्याशी तो घालताच येत नाही.

कट खरेही असतात. डिसेंबर १९५३ मध्ये सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले आणि धूम्रपानाच्या धोक्याबद्दल लोकांच्या मनात शंका पेरण्याची मोहीम उभी राहिली. २००६ मध्ये अमेरिकी न्यायालयानं फसवणुकीचा ठपका ठेवला, तो मोठ्या प्रमाणात कंपन्यांच्याच कागदपत्रांच्या आधारे. तिथे माणसं, तारीख आणि हेतू सिद्ध करावे लागले.

कटाशिवाय, जाळ्याच्या रचनेतूनच एकवटलेल्या सत्तेवर वेगळा इलाज लागतो. मॉर्गन ही न्यूयॉर्कची बँक आणि तिच्या निकटच्या बँका यांची माणसं ११२ कंपन्यांत मिळून ३४१ संचालकपदांवर आहेत, असं अमेरिकी काँग्रेसच्या पुजो समितीनं १९१३ मध्ये मोजून दाखवलं. पुढच्याच वर्षी क्लेटन कायदा आला आणि एकाच माणसानं परस्परांच्या स्पर्धक कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसण्याला त्यानं मर्यादा घातल्या.