चार्ज ६८ टक्के आणि गाडी सिग्नलला ढिम्म

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्यातला लांबलचक सिग्नल, आकडा १५० वरून उलटा मोजतोय, आणि इतकी वर्षं पेट्रोल गाडी चालवलेली असल्यामुळे हात आपोआप बटणाकडे गेला, माझी इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) 'बंद' केली. पण बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे इग्निशन ऑन ठेवून वायपर, हेडलाइट, ब्लोअर आणि गाणी सगळं चालूच. हिरवा पडल्यावर ब्रेक दाबून बटण दाबलं तर खालून नुसतं टक-टक-टक, स्क्रीन दोनदा लुकलुकली आणि अंधार. मागे हॉर्नचा गोंगाट, एक रिक्षावाला काच ठोकून म्हणाला, "साहेब, चार्जिंग संपलं का?" मघाशीच ६८ टक्के दिसत होते हो.

तर मेली होती ती छोटी बॅटरी. ईव्हीत गाडी पळवणारा मोठा बॅटरी पॅक साधारण ३०० ते ४०० व्होल्टचा (काहींत ८०० चा), आणि त्याच्या जोडीला पेट्रोल गाडीत असते तसली १२ व्होल्टची बॅटरी. लाइट, वायपर, स्क्रीन, लॉक आणि गाडीतले सगळे कंट्रोलर (छोटे कॉम्प्युटरच) या छोटीवर चालतात. मोठ्या पॅकचा करंट बाहेर येतो कॉन्टॅक्टरमधून, म्हणजे विजेवर चालणारा जाडजूड स्विचच (रिले) म्हणा, आणि तो ओढून धरणारी कॉइल पण १२ व्होल्टवरच. म्हणजे तिजोरी भरलेली पण चावी या छोटीच्या हातात. बरं, कॉन्टॅक्टर लगेच लागत पण नाही. पॅकची वीज मोटरला देणाऱ्या इन्व्हर्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे असतात, त्यांच्यावर सरळ ३०० व्होल्ट सोडले तर एवढी ठिणगी पडेल की कॉन्टॅक्टरची तोंडं चिकटून बसतील, म्हणून आधी एका रेझिस्टरमधून ते हळूहळू भरतात, याला प्रीचार्ज म्हणतात. हे सगळं सेकंदाच्या आत होतं, पण तेवढ्यात १२ व्होल्ट गडगडले की कंट्रोलर रीसेट होतो, परत प्रयत्न, परत रीसेट. ते टक-टक म्हणजे बहुतेक हेच.

स्क्रीनवर 'रेडी' (म्हणजे गाडी निघायला तयार) दिसतंय तोवर डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या पॅकमधून छोटीला चार्ज करत असतो, हेच काम पेट्रोल गाडीत अल्टरनेटर करतो. रेडी नसताना नुसतं इग्निशन ऑन ठेवून बसलात तर बऱ्याच गाड्यांत सगळा भार एकट्या छोटीवर. आणि ईव्हीत मोटर थांबलेली असताना काही जाळत नाही, त्यामुळे सिग्नलला बंद करून वाचतं ते जवळपास शून्य! हे मला तेव्हा कळलं.

आता समजा रेडीत असतानाच, उभ्या गाडीत, पॉवर गेली तर? मग संशय कन्व्हर्टरवर. उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवायला सगळ्यात जड, त्यामुळे पार्किंग करताना पॉवर स्टिअरिंगची मोटर १२ व्होल्टमधून क्षणभर दणकून करंट ओढते, त्यात एसीचा पंखा आणि ब्रेकचा व्हॅक्यूम पंप लागला आणि कन्व्हर्टरची साथ नसली की कमजोर छोटी तिथंच मान टाकते, हायवेवर तीच गाडी व्यवस्थित पळत असते. कन्व्हर्टरचा दोष काही दुर्मिळ नाही. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या त्या याच भागासाठी, म्हणजे चार्जर आणि कन्व्हर्टर एकत्र असलेल्या युनिटसाठी, ते बिघडलं की छोटी चार्ज होईना. उलट फोर्डने २०२२ मध्ये अमेरिकेत जवळपास ४९ हजार मस्टँग माक-ई बोलावल्या तेव्हा प्रॉब्लेम खुद्द कॉन्टॅक्टर तापण्याचा होता.

मल्टिमीटर असेल तर निम्मं निदान घरीच होतं. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी छोटीवर १२.६ च्या आसपास दिसलं तर ठणठणीत, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी, आणि गाडी रेडी केल्यावर आकडा साडेतेरा-चौदाच्या घरात गेला पाहिजे. तो हललाच नाही तर नवीन बॅटरी घेऊन उपयोग नाही, कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज बघावा लागेल. (काही गाड्या छोटी भरलेली असली की मुद्दाम कमी व्होल्टेज देतात, एका आकड्यावर घाबरू नका.) माझ्याकडे सकाळी ११.७ आले आणि रेडी केल्यावर १४.१, म्हणजे कन्व्हर्टर बरोबर, छोटी गेलेली. चार वर्षं जुनी, त्यात मी डॅशकॅम डायरेक्ट वायर केलेला. पार्किंग मोडमध्ये तो ०.३ अँपिअर जरी खात असला तरी दिवसाला ७ अँपिअर-अवर, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी पाच दिवसांत साफ, जुनीचं तर विचारूच नका.

फक्त पावसात किंवा वॉशिंगनंतरच होत असेल तर गोष्ट वेगळी, कुठल्यातरी कनेक्टरमध्ये पाणी शिरून इन्सुलेशन फॉल्ट येत असणार, म्हणजे मोठ्या पॅकची वीज बॉडीकडे झिरपतेय, गाडी ते सतत मोजत असते. तिथं हात घालू नका. केशरी (हाय व्होल्टेजची) केबल दिसली की लांब, मोठा पॅक तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटर उतरायला मेकॅनिक काही मिनिटं थांबतात.

त्या दिवशी सुटका मात्र सोपी झाली. ईव्हीत स्टार्टर मोटर नाही, त्यामुळे शेदीडशे अँपिअर लागतच नाहीत, कंट्रोलर जागे होऊन कॉन्टॅक्टर लागेपर्यंत थोडा करंट पुरतो, मग कन्व्हर्टर पुढचं बघतो. एका टॅक्सीवाल्या दादाच्या डिकीतला छोटा जंप स्टार्टर लावला आणि 'रेडी' आलं. नसतं आलं तर फ्लॅटबेडच (गाडी अख्खी वर चढवून नेणारा ट्रक), कारण चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर मोटर जनरेटरसारखी वीज बनवायला लागते.