गल्लीत पथदिवा हवा असेल तर: अर्ज, ठराव, कागदपत्रे आणि वीजबिलाचा हिशेब

‘आमच्या गल्लीत अंधार असतो, तरी दिवा बसवावा ही विनंती’ अशा एका ओळीच्या अर्जावर ग्रामपंचायतीला काही करता येत नाही. कोणता खांब, त्यावर स्ट्रीटलाइटची तार आहे का, रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे कळल्याशिवाय अंदाजपत्रक होत नाही. अंदाजपत्रक नसेल तर ठराव होऊनही पैसे निघत नाहीत. म्हणून अर्ज लिहायच्या आधी अर्धा तास गल्लीत फिरून या गोष्टी वहीत टिपून घ्या.

कोणाला मागता येतो, कोणत्या रस्त्यासाठी

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या ग्रामसूचीत (पंचायतीच्या कामांच्या यादीत) गावातली दिवाबत्ती हे पंचायतीचे काम म्हणून दिलेले आहे. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ च्या अधिनियमातल्या कलम ४९ नुसार आणि महानगरपालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमातल्या कलम ६३ नुसार हेच काम बंधनकारक कर्तव्यांत मोडते. अर्ज कोणताही रहिवासी करू शकतो, भाडेकरूसुद्धा. दिवा रस्त्याला मिळतो, घराला नाही. तरीही ज्यांच्या नावावर घर आहे त्यांनी चालू वर्षाची करपावती (नमुना १०) जोडावी. घरपट्टीसोबत दिवाबत्ती कर आकारला जात असेल तर तो नमुना ८ मध्ये (कर आकारणी नोंदवहीत) वेगळ्या रकान्यात दिसतो, आणि तो भरल्याची पावती समोर असली की सभेत ‘आधी थकबाकी भरा’ हा विषयच निघत नाही.

खरी अडचण रस्त्याची असते. रस्ता ग्रामपंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांच्या नोंदवहीत (नमुना २३) असायला हवा. खासगी लेआउटमधला रस्ता विकासकाने अजून हस्तांतरित केलेला नसेल, तर पंचायत किंवा नगरपरिषद तिथे खर्च टाकत नाही आणि लेखापरीक्षणात आक्षेप येईल म्हणून टाकणारही नाही. अशा ठिकाणी आधी मंजूर लेआउट नकाशा जोडून रस्ता हस्तांतरणाचा अर्ज करावा, दिव्याचा नंतर. राज्यमार्गालगत दिवे हवे असतील तर सार्वजनिक बांधकाम विभागाची ना हरकत लागते.

खांब पाहताना

महावितरणच्या लघुदाब लाइनवर (घरांना वीज देणाऱ्या) तीन फेज म्हणजे सतत वीज असलेल्या तारा आणि एक न्यूट्रल म्हणजे परतीची तार, अशा चार तारा असतात. गावात जिथे दिव्यांची सोय केलेली असते तिथे आणखी एक, म्हणजे पाचवी तार दिसते. हीच स्ट्रीटलाइटची तार. ती एका ठिकाणी मीटर आणि स्विचला जोडलेली असते. खांबावर पाच तारा असतील तर फक्त दिवा, ब्रॅकेट आणि थोडी वायर एवढाच खर्च. चारच असतील तर पाचवी तार जवळच्या दिव्याच्या खांबापासून ओढून आणावी लागते, आणि त्यासाठी महावितरणचे अंदाजपत्रक लागते. उघड्या तारांऐवजी केबल असेल तर तारा मोजता येत नाहीत, वायरमनला विचारावे. खांबच नसेल तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. हा फरक अर्जात लिहिलेला असला की ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे निम्मे काम झालेले असते. (२०२४ पासून ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदे याच नावाखाली एक झाली आहेत.)

टिपून घ्यायचे ते असे: खांबावर रंगवलेला क्रमांक, नसेल तर कोणाच्या घरासमोर आहे ते; कोणत्या डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) लाइन; दोन खांबांतले अंतर पावलांनी मोजून. दिवा जितक्या उंचीवर, त्याच्या साधारण तीन ते साडेतीन पट अंतरापर्यंतच दोन दिव्यांत एकसारखा उजेड राहतो. म्हणजे आठ मीटर उंचीला २४ ते २८ मीटर. वीजवाहिनीचे खांब याहून लांब असले तर मध्ये अंधाराचा पट्टा राहणारच, जास्त वॉटचा दिवा लावून तो जात नाही. फक्त खांबाखाली डोळे दिपतात.

अर्जाला काय जोडायचे

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नावे अर्ज, त्यावर शक्य तितक्या रहिवाशांच्या सह्या, ओळखपत्राची प्रत, करपावती, हाताने काढलेला नकाशा (खांब, वळण, शाळा, विहीर, पाणवठा दाखवून), आणि रात्री काढलेले दोन-तीन फोटो. बस एवढेच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

नगरपरिषद किंवा नगरपंचायत असलेल्या शहरात हाच अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे विद्युत विभागात द्यायचा आणि त्याची प्रत प्रभागाच्या नगरसेवकाला.

ठराव ते मीटर

बंद दिवा बदलणे हे देखभालीत मोडते, त्यासाठी मासिक सभा पुरेशी. नवे दिवे किंवा नवी तार असेल तर विषय ग्रामसभेत यावा आणि गाव विकास आराखड्यात बसावा. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्यामुळे अर्ज सप्टेंबरात दिला तर पुढच्या आर्थिक वर्षात कामाची शक्यता, मार्चमध्ये दिला तर वर्ष वाया. ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ती. नोटीस निघण्याआधी विषय विषयपत्रिकेत घालून घ्या, ‘आयत्या वेळचे विषय’ यावर विसंबू नका.

ठरावाच्या भाषेत बहुतेक ठिकाणी चूक होते. ‘दिवे बसविण्यास मंजुरी देण्यात येते’ एवढ्यावर पैसे खर्च होत नाहीत. किती दिवे, कोणत्या खांबांवर, किती वॉटचे, कोणत्या निधीतून आणि वीजबिल कोणत्या तरतुदीतून, हे ठरावात असावे. २०२१-२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांवर खर्चायचा, ठरवला गेला. पथदिवे त्यात उरलेल्या ४० टक्के अबंधित भागात धरले गेले. मागासवर्गीय वस्तीसाठी स्वनिधीतल्या १५ टक्क्यांची तरतूद वापरता येते.

पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, खरेदी. तार ओढायची किंवा भार वाढवायचा असेल तर महावितरणकडे ठरावाच्या प्रतीसह अर्ज जातो, तिथून कोटेशन (भरायच्या रकमेचे पत्र) येते, रक्कम भरली जाते आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल दिल्यावर जोडणी मिळते. फायली सर्वांत जास्त याच टप्प्यावर अडकतात, कारण कोटेशन येते आणि ते भरायला तरतूदच केलेली नसते.

बिलाचे गणित

दिव्याची किंमत एकदाच, बिल दर महिन्याला. सभेत बोलताना हा हिशेब हाताशी ठेवा. २४ वॉटचा एलईडी रात्री १२ तास चालला तर ०.२८८ युनिट, महिन्याला ८.६४ युनिट. असे १०० दिवे म्हणजे ८६४ युनिट. जुन्या ४० वॉटच्या ट्यूबला चोकसह ५० वॉटच्या आसपास लागतात, म्हणजे १०० ट्यूबना सुमारे १,८०० युनिट. आता तोच एलईडी दिवसाही जळत राहिला तर १०० दिव्यांचे १,७२८ युनिट होतात. एलईडीवर केलेला सगळा खर्च दिवसाच्या उजेडात गेला!

दिवसा दिवे जळतात ते बहुधा पाचव्या तारेऐवजी स्विच टाळून थेट फेजवर जोडल्यामुळे. अशी जोडणी मीटरबाहेर असेल तर ती वीज कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली चोरी ठरू शकते. महावितरणच्या दरपत्रकात पथदिव्यांचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि स्वयंचलित टायमर असलेल्या जोडणीला मागणी आकारात (मंजूर भारावर लागणाऱ्या आकारात) सवलतीची सोयही दिली गेली आहे. टायमर किंवा प्रकाशसंवेदी (उजेड-अंधार पाहून चालणारा) स्विच अंदाजपत्रकातच घालावा. मागून बसवू म्हटलेला टायमर बसत नाही.

बिल थकले तर कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊन जोडणी तोडता येते, आणि मग तुमच्या एका गल्लीतले नाही, त्या मीटरवरचे सगळे दिवे जातात.

दिवे का जातात

न्यूट्रल तुटली की दाब २३० वरून ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो आणि एकाच रात्री ओळीने दिवे मरतात. विजेच्या कडकडाटातही तेच. म्हणून खरेदीच्या तपशिलात लाट-संरक्षक (अचानक चढलेल्या दाबापासून दिवा वाचवणारे साधन), पाणी-धूळरोधक आयपी ६५ किंवा त्यावरचे आवरण, आयएस १०३२२ हे दिव्यांचे भारतीय मानक आणि लेखी हमी मागावी. हमीची तारीख आणि बसवलेल्या खांबाचा क्रमांक साठा नोंदवहीत नसेल तर पुरवठादार दिवा बदलून देत नाही, आणि ते त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे.

उत्तर आले नाही तर

आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र, मग गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज. त्याच वेळी माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून तीन गोष्टी मागा: अर्जावरची टिपणी, संबंधित ठरावाची प्रत, आणि मागच्या बारा महिन्यांची पथदिव्यांची वीजबिले. उत्तराची मुदत ३० दिवस. बिलांतले युनिट आणि गावातल्या चालू दिव्यांची संख्या जुळवून पाहा. युनिट दिव्यांच्या हिशेबापेक्षा फारच जास्त निघाले, तर नव्या दिव्यासाठीचा पैसा बहुधा त्या फरकातच सापडतो.