अखंड ब्रेस की बिजागरीचा? आधी गुडघा बघा

मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर माणूस पुन्हा चालायला लागला, पण पंजा लोंबतोय, म्हणून पोटरीपासून तळपायापर्यंत जाणारा प्लास्टिकचा ब्रेस दिला जातो. त्यालाच एएफओ (अँकल-फूट ऑर्थोसिस, म्हणजे घोटा आणि पाऊल सावरणारा आधार) म्हणतात. एक अखंड असतो, दुसऱ्याला घोट्यापाशी दोन्ही बाजूंनी बिजागरी असते. पँटखाली दोन्ही सारखेच दिसतात, आणि बिजागरीवाला म्हणजे प्रगतीची पुढची पायरी, असं अनेकांना वाटतं. या समजुतीपायी माणसं पडतात, म्हणून हे लिहितेय.

पंजा उचलून धरायचं काम दोन्ही करतात. फरक कळतो तो पाऊल टेकल्यावर. अंगाचा भार पुढे सरकतो तशी नडगी पावलावर झुकते. बिजागरी तिला झुकू देते, त्यामुळे चढ चढणं सोपं जातं, आणि खुर्चीतून उठताना पावलं मागे ओढून घेता येतात. अखंड ब्रेसमध्ये हेच उठणं जड जातं.

पण झुकणाऱ्या नडगीला आवर घालते पोटरी, आणि गुडघा सावरते मांडी. मांडीच्या पुढच्या स्नायूंना आज्ञा येते ती मुख्यतः मज्जारज्जूच्या एल३ या पातळीमधून, पंजा उचलणाऱ्यांना एल४ मधून, पोटरीला त्याहून खालच्या एस१ मधून (एल म्हणजे कमरेच्या, एस म्हणजे त्याखालच्या पातळ्या). कमरेच्या भागात दुखापत असेल तर मांडीत जोर असूनही पोटरी गेलेली असू शकते. अशा पायाला मोकळी बिजागरी दिली, की नडगी पुढे जातच राहते आणि गुडघा एकदम दुमडतो. तिथे अखंड ब्रेसच पोटरीचं काम करतो. पोटरीत ताठरपणा असेल तरी बऱ्याचदा तोच बरा, कारण बिजागरीत पोटरी ताणली गेली की पाय थडथड उडायला लागू शकतो.

मापाला जाताना रोजचे बूट न्या. टाच थोडी उंच असली तरी नडगी पुढे कलते आणि गुडघ्याचं गणित बदलतं.

पायाला संवेदना नसेल तर ब्रेस टोचतोय हे कळणारच नाही. नवा ब्रेस पहिल्यांदा अर्धा तासच घाला, मग काढून टाच, घोट्याची हाडं आणि पावलाची कड आरशात बघा. वीस-तीस मिनिटांत लाली गेली नाही, तर ऑर्थोटिस्टने (ब्रेस बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाने) दुरुस्त करून देईपर्यंत तो पुन्हा चढवू नका.