तिरकी गाडी, सरळसोट निष्कर्ष

बाणेरच्या एका आतल्या रस्त्यावर, संध्याकाळी सातच्या सुमारास, पिवळ्याधमक रंगाची एक स्पोर्ट्स कार आडवी झाली होती. अगदी आडवी नव्हे, तिरकी. उंची माझ्या कमरेच्या जरा वर, रुंदी ऐसपैस, आणि आवाज असा की कोपऱ्यावरच्या भेळवाल्याला गिऱ्हाइकाला दोनदा विचारावं लागलं, 'तिखट की मीडियम?' समोर स्पीडब्रेकर होता. गाडी त्यावरून सरळ जायचं सोडून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, गोगलगायीच्या चालीनं, जाणाऱ्यांचा आणि येणाऱ्यांचा असा दोन्ही रस्ता अडवून चालली होती. मागे पंधरावीस दुचाक्या, दोन रिक्षा, एक पाण्याचा टँकर. "रस्ता काय बापाचा आहे का याच्या?" शेजारचे स्कूटरवाले काका पुटपुटले. मीही मान डोलावली. हॉर्न मात्र कुणीच वाजवला नाही. पुण्यात! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या प्रसंगापुरते तरी काका आणि मी दोघंही चुकलो होतो.

स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून साधारण ११ ते १३ सेंटीमीटरवर असतं. आपल्या साध्या हॅचबॅकला १६-१७ सेंटीमीटर मिळतात, एसयूव्हीला २० च्या आसपास. वजन जितकं खाली, तितकी गाडी वळणावर कमी कलंडते, म्हणून ही बुटकी ठेवण. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार स्पीडब्रेकर मध्यभागी १० सेंटीमीटर उंच आणि गाडीच्या दिशेनं ३.७ मीटर लांब, म्हणजे हळूच चढून हळूच उतरणारा असावा. कागदावर. आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर म्हणजे कुणीतरी रात्रीतून ओतलेला डांबराचा वरवंटा. त्यावरून सरळ गेलं की पुढची दोन्ही चाकं एकदम उतरतात, मागची अजून चढलेली नसतात, आणि मधला उंचवटा थेट पोटाला घासतो. तिरकं गेलं तर चाकं एकेक करून चढतात. जवळपास प्रत्येक क्षणी एखादं तरी चाक उंचवट्यावर असतं आणि गाडीला उचलून धरतं. म्हणजे तो बिचारा माज करत नव्हता, खालचा पत्रा वाचवत होता. अशा रस्त्यावर ही गाडी आणावीच का, हा प्रश्न वेगळा, आणि तो मी अजूनही विचारतो.

आपण सिग्नल तोडला तर आपल्याकडे कारण असतं: उशीर झाला होता, मागचा ठोकेल असं वाटलं, पिवळाच होता. दुसऱ्यानं तोडला तर त्याच्याकडे कारण नसतं, स्वभाव असतो. दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती बाजूला सारून सगळं त्याच्या स्वभावाच्या खात्यावर मांडायची ही खोड इतकी सार्वत्रिक आहे, की ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये तिला नावच दिलं: फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर. आपल्या काचेतून आपल्याला रस्ता दिसतो. दुसऱ्याची फक्त गाडी दिसते.

पण एवढ्यावर महागड्या गाडीवाल्या मंडळींना निर्दोष सोडायचं कारण नाही. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी त्यांचं वागणं रस्त्यावर उभं राहून मोजलं आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. गाडीचा ब्रँड, वय, रूप पाहून तिला १ ते ५ असा दर्जा द्यायचा आणि चालक काय करतो ते टिपायचं, एवढीच पद्धत. चारही बाजूंनी 'थांबा' अशा पाट्या असलेल्या चौकात त्यांनी २७४ गाड्या पाहिल्या. तिथला नियम साधा: आधी आला तो आधी जाणार. सर्वांत वरच्या दर्जाच्या गाड्यांपैकी जवळपास ३० टक्के दुसऱ्याची पाळी डावलून घुसल्या, सर्वांत खालच्या दर्जात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत राहिलं. मग झेब्रा क्रॉसिंगवर एक माणूस उभा केला आणि आणखी १५२ गाड्या पाहिल्या. सर्वांत जुन्यापान्या गाड्यांतली एकही त्याला डावलून गेली नाही. सर्वांत महागड्या गटात मात्र निम्म्याच्या जरा आत चालक न थांबता निघून गेले.

काकांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, 'बघा, मी काय म्हणत होतो!' थांबा जरा. या प्रयोगांवर पुढे टीकाही झाली. सगळेच निकाल एकाच बाजूला इतके नेटके कसे पडतात, असा संख्याशास्त्रीय आक्षेप संशोधक ग्रेगरी फ्रान्सिस यांनी, हे प्रयोग ज्यात छापून आले त्याच नियतकालिकात घेतला. पण २०२० मध्ये लास वेगासमधल्या संशोधकांनी क्रॉसिंगवर ४६१ गाड्या पाहिल्या, आणि कल तोच निघाला: गाडीची किंमत १००० डॉलरनं वाढली की ती थांबण्याची शक्यता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. बातम्यांत हेच गाजलं. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: एकूण गाड्यांपैकी फक्त २८ टक्के थांबल्या. म्हणजे न थांबणाऱ्यांत स्वस्त गाडीवालेही ढिगानं होते. त्यांना कुणी 'पैशाचा माज' म्हटलं नाही, इतकंच.

माज पैशानं येतो की मुळात माज असलेला माणूसच अशी गाडी घेतो? कोंबडी आधी की अंडं, तसलाच हा प्रश्न. हेलसिंकी विद्यापीठाच्या यान-एरिक लॉनक्विस्ट यांना तो रस्त्यावरच पडला. लाल दिवा तोडणारे, पायी चालणाऱ्यांना न जुमानणारे बहुतेक वेगवान जर्मन गाड्यांतच का दिसतात, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी १८९२ फिनिश गाडीमालकांच्या स्वभावचाचण्या तपासल्या. हटवादी, वाद घालणारे, दुसऱ्याच्या भावनांची फिकीर नसलेले पुरुष आउडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज बाळगण्याची शक्यता खरोखरच जास्त निघाली. म्हणजे निदान काही प्रमाणात तरी, गाडी माणसाला बिघडवत नाही, तसा माणूसच तशी गाडी निवडतो. पण त्याच यादीत एक दुसरा गटही सापडला, पुरुष आणि बायका दोन्ही. नेटके, शिस्तीचे, कष्टाळू लोक. त्यांनाही याच गाड्या आवडतात, कारण बहुधा त्यांना दर्जेदार आणि भरवशाची वस्तू हवी असते. दोन अगदी वेगळ्या स्वभावांची माणसं एकाच बोधचिन्हामागे बसलेली. बाहेरून ओळखायचं कसं?

आवाजावरून, असं कुणी म्हणेल, आणि त्यात थोडं तथ्य आहे. कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठात ज्युली एटकेन शर्मर यांनी ५२९ विद्यार्थ्यांना विचारलं: सायलेन्सर बदलून गाडीचा आवाज वाढवावासा वाटतो का? हो म्हणणाऱ्यांत मुलगे जास्त होते, हे सांगायला संशोधनाची गरज नव्हती. गंमत पुढे आहे. मिरवणाऱ्याला आपण आत्मप्रेमी समजतो, पण आत्मप्रेमाशी या हौसेचा संबंध दिसलाच नाही. संबंध दिसला तो दुसऱ्याची पर्वा नसण्याशी आणि दुसऱ्याच्या त्रासात मजा वाटण्याशी. दणदणाटानं पाळण्यातलं पोर दचकून उठतं, हा त्या हौसेचा दुष्परिणाम नसून कदाचित अर्धी मजाच असते. हे मात्र मुद्दाम आवाज वाढवू पाहणाऱ्यांबद्दल आहे. कारखान्यातूनच गुरगुरत आलेल्या गाडीला तेवढ्यावरून दोषी धरता येणार नाही.

मॉन्ट्रियलमध्ये तर ३९ तरुणांना एकदा पोर्शे ९११ आणि एकदा जुनाट टोयोटा कॅमरी चालवायला देऊन त्यांची लाळ तपासली होती. पोर्शेनंतर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, वाढलं. भर गर्दीत वाढलं तसं जवळजवळ रिकाम्या हायवेवरही वाढलं, म्हणजे बघायला कुणी असायलाच हवं असंही नाही. पण ३९ जणांच्या लाळेवरून कुणी रस्त्यात कसा वागेल हे सांगू नये. उलट बुटक्या गाडीत डोळे रस्त्याच्या जवळ असतात, त्यामुळे आहे तो वेगही जास्त भासतो. उंच बसलेला चालक नकळत जास्त वेगानं जातो, असं सिम्युलेटरवर दिसलं आहे. एसयूव्हीवाल्यांनी नोंद घ्यावी.

आता त्या न वाजलेल्या हॉर्नकडे. १९६८ मध्ये अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो आणि मेनलो पार्कमध्ये एक खोडसाळ प्रयोग छापला. सिग्नलला पुढे उभं राहायचं आणि हिरवा दिवा लागला तरी काही वेळ हलायचं नाही. कधी गाडी काळी चकचकीत क्रायस्लर इम्पीरियल, तर कधी गंजलेली १९५४ ची फोर्ड किंवा एक जुनी रॅम्बलर. मागचा चालक किती सेकंदांत हॉर्न वाजवतो हे लपलेला माणूस घड्याळ लावून टिपे. जुन्या गाडीमागे ८४ टक्के लोकांनी हॉर्न वाजवला, चकचकीत गाडीमागे ५० टक्क्यांनीच. दोघांनी तर जुन्या गाडीला हॉर्न न देता सरळ मागून धक्काच दिला! खरी मेख पुढे आहे. विद्यार्थ्यांना नुसतं कागदावर विचारलं, तर मुलगे म्हणाले, श्रीमंताच्या गाडीला आम्ही लवकर हॉर्न देऊ. बोलण्यात सगळे क्रांतिकारक. प्रत्यक्षात हात हॉर्नपर्यंत जातो तो गंजक्या फोर्डसाठी.

बाणेरला नेमकं हेच घडलं. पिवळी गाडी पार होईपर्यंत सगळे दात-ओठ खात गप्प उभे. तिच्यामागचा रिक्षावाला मात्र गिअर टाकताना दोन सेकंद अडखळला, तर आख्खी गल्ली हॉर्ननं दणाणली. काकांनीही वाजवला. मीही. रस्ता बापाचा असल्यासारखं वागायची मुभा काही गाड्यांना आपणच देतो, हे कबूल करायला जड जातं.

तरीही घरी येऊन मी सांगितली ती पिवळ्या गाडीचीच गोष्ट, रिक्षाची नव्हे. १९७६ मध्ये डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी लोकांना दोन काल्पनिक गटांबद्दल ३९ वाक्यं वाचायला दिली. पहिला गट मोठा: १८ चांगली कृत्यं, ८ वाईट. दुसरा त्याच्या निम्मा: ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण तंतोतंत सारखं. पण वाचणाऱ्यांच्या डोक्यात छोटा गट जास्त वाईट ठरला. क्वचित दिसणारी माणसं आणि क्वचित घडणारी वाईट गोष्ट एकत्र आली, की ती डोळ्यांत भरते आणि स्मरणात घर करते. आपल्या रस्त्यावर स्पोर्ट्स कारपेक्षा दुर्मीळ काय असणार? वर ती पिवळी, वर तिचा तो आवाज. घुसलेल्या शंभर हॅचबॅक विसरल्या जातात, घुसलेली एक पिवळी गाडी दिवाळीच्या फराळापर्यंत पुरते.

मागच्या आठवड्यात कर्वे रस्त्यावर भाजीची पिशवी घेऊन झेब्रा क्रॉसिंगवर उभा होतो. एक गाडी चक्क थांबली. चालकानं हातानं 'या' अशी खूणही केली. मी पलीकडे गेलो, आणि हा लेख लिहायला बसल्यावर तिचा रंग आठवायचा प्रयत्न केला. पांढरी असावी. किंवा करडी. चार चाकं होती, एवढं नक्की.